पुंगीवाल्याचे पैसे

गेल्या अंकात हॅमेलिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट मी थोडक्यात सांगितली होती. गाव उंदरांनी हैराण झालेलं असतं. रंगीबेरंगी कपड्यांतला एक वादक येतो आणि वाजवत वाजवत उंदीर नदीत नेऊन बुडवतो. काम झाल्यावर गावकरी ठरलेले पैसे देत नाहीत. काही दिवसांनी तो परत येतो, पुन्हा वाजवतो, आणि या वेळी त्याच्यामागे गावातली मुलं जातात. ती कधीच परतत नाहीत.

त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. मी पुण्यात बत्तीस वर्षं जर्मन शिकवलं आणि जवळजवळ दर वर्षी ही गोष्ट वर्गात वाचली. तरीही दुसऱ्या पत्रानं मला आठ दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

प्रश्न : एका पुस्तकात ‘बासरीवाला’ आहे, दुसऱ्यात ‘पुंगीवाला’. खरं कोणतं? (वाचक, सोलापूर)

उत्तर : जर्मन माणसं त्याला आज ‘रॅटनफेंगर’ म्हणतात, म्हणजे उंदीर पकडणारा. त्या नावात वाद्य नाहीच. सगळ्यात जुन्या सविस्तर हकिकतीत त्याच्या हातात चांदीचं, विचित्र घडणीचं एक फुंकून वाजवायचं वाद्य आहे. तेव्हा काटेकोरपणे बोलायचं तर बासरी जास्त जवळची.

तरी मी वर्गात कायम पुंगीवालाच म्हटलं. बासरी म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर कृष्ण येतो. कृष्णाच्या बासरीमागे गोपी धावल्या, पण ते ऐकताना कोणाच्या पोटात गोळा येत नाही. पुंगी म्हटली की गारुडी आठवतो, आणि आपल्या भाषेत त्याच्या नावातच ‘गारूड’ आहे. सापाला बाहेरचा कान नसतो. तो डोलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो, जमिनीतली थरथर त्याला जाणवते, आणि बघणाऱ्यांना वाटतं तो सुरांनी बांधला गेला. मर्जीविरुद्ध बांधलं जाणं हा अर्थ पुंगीत आहे, बासरीत नाही. म्हणून ज्यानं कोणी पहिल्यांदा हा मराठी शब्द वापरला, त्याला गोष्ट नीट कळली होती असं मी मानते.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ही गोष्ट वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “बाबा, त्यानं बरोबर केलं. त्याचे पैसे का नाही दिले?” मी म्हणालो, “पण मुलांनी काय केलं होतं?” त्यावर ती म्हणाली, “नाहीतर मोठ्यांना कळलंच नसतं.” मला काही बोलता आलं नाही. अशी गोष्ट मुलांना सांगावी का? (एक वडील, नाशिक)

उत्तर : तुमच्या मुलीच्या वयाची असताना मीही असंच म्हटलं असतं. का, ते सांगते.

१९६९ साली सातारा जिल्ह्यात आमच्या गावी थोरल्या बहिणीचं लग्न झालं. वाजंत्री शेजारच्या गावाहून आली होती. एक सनईवाला, एक सूर धरणारा, एक संबळवाला. पहाटेच्या एस. टी.नं आले आणि दुपारी पंगती उठेपर्यंत वाजवत होते. ठरले होते पंच्याहत्तर रुपये. घरातल्या एका वडीलधाऱ्यानं पन्नास हातावर ठेवले आणि सांगितलं, “मुहूर्ताच्या आधी थांबलात मधेच.” ते थांबले होते, कारण चहा आला होता. सनईवाल्यानं नोटा मोजल्या. आईकडे बघून म्हणाला, “ठरलं होतं, वहिनी.” आईनं मान खाली घातली. मग त्यानं सनईची पत्ती काढून फडक्यात गुंडाळली, सनई पिशवीत ठेवली, आणि तिघं उन्हात फाट्याकडे चालू लागले.

मी अकरा वर्षांची होते. त्या रात्री माळ्यावर पडल्या पडल्या मी मनापासून मागत होते की आमच्या घरचं काहीतरी वाईट व्हावं. तीन वर्षांनी त्याच वडीलधाऱ्यांच्या मुलीचं लग्न निघालं आणि आसपासच्या पाच गावांतून एकही सनई यायला तयार झाली नाही. ग्रामोफोनची तबकडी लावून मंगलाष्टकं झाली. मला आनंद झाला. माझी ती चुलत बहीण मात्र रडत होती, मांडवात सनई नाही म्हणून, आणि मला ते दिसत होतं. तरीही झाला.

तेव्हा मुलीच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खोडू नका. रॉबर्ट ब्राउनिंग यांनी १८४२ साली या गोष्टीवर इंग्रजी कविता लिहिली. आपल्याकडची बहुतेक रूपं तिच्यावर बेतलेली आहेत. त्यात ठरतात एक हजार गिल्डर, म्हणजे तिकडची जुनी नाणी, आणि देऊ केले जातात पन्नास. उंदीर बुडाले आहेत, ते काही परत जिवंत होत नाहीत, असा महापौराचा हिशेब. न्हाव्याला, कुंभाराला पुढच्या वेळी काम नाकारता तरी येतं, म्हणून बलुतं थकवलं तरी पूर्ण बुडवता येत नसे. एकदाच गावात आलेल्या परक्या माणसाच्या हातात काय असतं? गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं आपण म्हणतो. हॅमेलिनकरांनी वाजवून घेतली आणि मग मोडूनही खाल्ली. आजही मुंबईत महापालिकेची माणसं रात्री काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांतून उंदीर मारत फिरतात. त्यांच्या कामाकडे आपण सकाळी उठून वळून तरी बघतो का? मुलीचा संताप खरा आहे. तो तिच्याकडे राहू दे.

आता दुसरा अर्धा भाग. त्यासाठी तिला या गोष्टीमागची गोष्ट सांगा. मला ती वयाच्या चाळिशीत कळली आणि माझं सगळं वाचणं बदललं.

हॅमेलिन हे खरं गाव आहे. जर्मनीत, वेझर नदीच्या काठी. एके काळी त्याला ‘क्वेर्न-हामेल्न’ म्हणत. क्वेर्न म्हणजे जातं. दळणाचं गाव, तेव्हा धान्य होतं आणि उंदीरही असणारच. मुलं गेल्याची तारीखही ठरलेली आहे : २६ जून १२८४, संत योहान आणि पाउल यांचा दिवस. मुलांची संख्याही ठरलेली, १३०. साधारण १३०० सालच्या सुमाराला गावातल्या चर्चमध्ये या घटनेची रंगीत काचेची खिडकी बसवली होती. ती १६६० मध्ये नष्ट झाली, पण तिची वर्णनं उरली. त्यानंतरची सविस्तर हकिकत पंधराव्या शतकाच्या मध्याची, लॅटिनमधली, ल्युनेबर्गच्या हस्तलिखितात मिळालेली. त्यात तिशीतला एक देखणा, चांगल्या कपड्यांतला तरुण वेझरच्या बाजूच्या पुलावरून गावात येतो. चांदीचं ते वाद्य वाजवतो. गावात जन्मलेली १३० मुलं त्याच्यामागे पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडतात आणि वधस्तंभाच्या जागेजवळ दिसेनाशी होतात. आया गावोगाव धावत सुटतात. काही सापडत नाही. एका धर्मगुरूच्या आईनं मुलांना जाताना पाहिलं होतं, एवढी साक्ष लिहिणाऱ्यानं नोंदवून ठेवली आहे.

यात उंदीर नाहीत. करार नाही, बुडवलेले पैसे नाहीत, सूड नाही. एक माणूस आला आणि मुलं गेली, एवढंच.

उंदीर पहिल्यांदा येतात १५६० च्या आसपास, त्सिमर्न या जर्मन घराण्याच्या बखरीत. म्हणजे मुलं गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनी. (पुण्याच्या वाचकांना उंदीर म्हटलं की १८९७ ची प्लेगची साथ आठवते, आणि काही जण म्हणतात की हॅमेलिनची मुलं प्लेगनं गेली असतील. पण युरोपातली ती मोठी साथ १३४७ ची, मुलांनंतर त्रेसष्ट वर्षांनी आलेली. शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं तेच मुळी १८९८ मध्ये, कराचीत. गोष्टीतले उंदीर धान्य खाणारे चोर आहेत, तेवढेच.)

मग मुलं गेली कुठे? अभ्यासकांना सगळ्यात पटणारं उत्तर असं की ती ‘मुलं’ म्हणजे गावची तरणी पोरं असावीत. त्या काळात पूर्वेकडच्या नव्या जमिनी वसवायला माणसं हवी होती. त्यासाठी दलाल गावोगाव फिरत, भडक कपडे घालत, वाजतगाजत लोक गोळा करत. भाषातज्ज्ञ युर्गेन उडोल्फ यांनी हॅमेलिन परिसरातली नावं आणि पूर्वेकडच्या प्रिग्निट्झ, उकरमार्क भागातली गावांची नावं ताडून पाहिली आणि ती जुळतात असं मांडलं. मला स्वतःला हे पटतं.

पण तुमच्या पत्रानंतर मी विचार करत राहिले तो दुसऱ्याच गोष्टीचा. उंदीर आणि बुडवलेले पैसे कुणी जोडले असतील? मला वाटतं, त्यांची गरज त्या गावालाच होती.

माझा एक काका मी जन्मायच्या आधी, चार वर्षांचा असताना, घटसर्पानं गेला. आजी मरेपर्यंत सांगायची की आदल्या पहाटे वासुदेव दारात आला होता. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. गाणं म्हणून उभा राहिला, आणि घरात पीठ नव्हतं म्हणून तिनं दार उघडलं नाही. “विन्मुख गेला गं तो माझ्या दारातून,” ती म्हणायची. वासुदेव कोणाला शाप देत नाही, हे तिला कोणी सांगायला गेलं की ती उठून आत जायची. घटसर्प का झाला याचं उत्तर डॉक्टरकडे होतं. आपल्याच मुलाला का झाला याचं कोणाकडेच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेत तिनं स्वतःची चूक आणून ठेवली. चूक असली की निदान कारण तरी असतं.

हॅमेलिननं तेच केलं असं मला वाटतं. १३० पोरं एका दिवशी गेली, कुठे गेली माहीत नाही. पिढ्यान् पिढ्या आठवत राहिल्यावर कोणीतरी म्हणालं असेल, आपण कोणाला तरी फसवलं असणार. मग फसवलेला वादक आला, मग त्यानं केलेलं काम आलं, मग उंदीर आले. सुडाची गोष्ट त्या माणसानं घडवली नाही. ती मुलं गमावलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी स्वतःवर ओढून घेतली.

तुमच्या मुलीला हे इतक्या शब्दांत सांगू नका. तिला लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१६ मध्ये छापलेल्या रूपातली माणसं सांगा. त्यात दोन मुलं मागे राहून परत येतात. एक आंधळा, तो सगळे वादकामागे कसे गेले ते सांगू शकतो पण जागा दाखवू शकत नाही. एक मुका, तो जागा दाखवू शकतो पण काय झालं ते सांगू शकत नाही. एक मुलगा नुसत्या सदऱ्यावर पळालेला असतो. कोट आणायला घरी वळतो आणि वाचतो. महापौराची मोठी मुलगीही त्या घोळक्यात गेलेली असते. म्हणजे महापौराला शिक्षा झाली, तुमची मुलगी म्हणते तशी. पण कोट आणायला गेलेला तो मुलगा परत आला तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. त्याच्या घरानं कोणाचे पैसे बुडवले होते का, हे तिला विचारा. ती काय म्हणते ते मला जरूर कळवा.

आणि हो, गोष्ट सांगाच.

प्रश्न : मी कल्पनारम्य कादंबरी लिहितो आहे. नायिकेच्या गुरूचा दरबारात अपमान होतो. ती मंत्रभारल्या वीणेनं एकेका शत्रूचा सूड घेते. मित्र म्हणतात, पहिल्या दोन सुडांनंतर कंटाळा येतो. काय चुकतंय? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या वीणेला काही कमी नाही, हेच चुकतंय. ती सगळ्यांवर, सगळीकडे, तितकीच चालते.

पुंगीवाल्याच्या गोष्टीत कोण सुटलं ते बघा. ब्राउनिंग यांच्या कवितेत एक लंगडा मुलगा मागे पडतो, डोंगराचं दार बंद होतं आणि तो बाहेर राहतो. पुढे आयुष्यभर त्याला आपण वाचलो याचा आनंद होत नाही, आपण राहून गेलो याचं दुःख होतं. जादूचं खरं बळ त्या एका सुटलेल्या मुलामुळे कळतं. तुमच्या कादंबरीत वीणा ऐकूनही ज्याला काही होत नाही असा एक माणूस घाला. बहिरा नको, ते सोपं आहे. ज्यानं गुरूंचा अपमान मनापासून नको म्हटलं होतं पण तोंडातून शब्द काढला नाही, असा कोणी.

दुसरं, सुडाची किंमत कोण देतं? फिनलंडचं ‘कालेवाला’ हे महाकाव्य एलियास ल्योनरूट यांनी लोकगीतांतून जुळवलं, आधी १८३५ मध्ये आणि मग वाढवून १८४९ मध्ये. त्यात म्हातारा गायक वैनामोइनेन आणि पोरसवदा योउकाहाइनेन यांच्या घसरगाड्या रस्त्यात एकमेकींना धडकतात. पोरगा उद्धटपणे बोलतो, स्वतःच्या ज्ञानाची बढाई मारतो. म्हातारा गाऊ लागतो आणि पोरगा गाण्यानं दलदलीत रुतत जातो, कमरेपर्यंत, मग हनुवटीपर्यंत. तो सुटकेसाठी धनुष्यं देऊ करतो, होड्या, घोडे, सोनं, शेतं. म्हातारा ऐकत नाही. शेवटी पोरगा म्हणतो, माझी बहीण देतो. तेव्हा गाणं उलटं फिरतं आणि तो सुटतो. बहिणीला, आइनोला, कोणी विचारलेलंच नसतं. ती म्हाताऱ्याशी लग्न करण्यापेक्षा पाण्यात जाते. आणि तिच्या भावाचा राग संपत नाही तो नाहीच. तो वाटेत दबा धरून बसतो आणि वैनामोइनेनच्या खालच्या घोड्यावर बाण सोडतो.

भांडण दोन पुरुषांचं, गाणं एकाचं, आणि गेली आइनो. हे वाचल्यावर मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही. तुमच्या नायिकेच्या वीणेमुळे दरबारातल्या कोणाच्या घरची आइनो जाते, ते शोधा. आणि नायिकेला ते कळतं तो प्रसंग रात्रीचा नको. भरदुपारी, वीणा खांद्यावर असताना कळू दे.

शेवटचं एक. तिचा गुरू या सगळ्याला काय म्हणेल, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यानं तिला वीणा शिकवली. मारण्यासाठी शिकवली होती का?

प्रश्न : आमचा मुलगा हॅनोव्हरला असतो. जूनमध्ये आम्ही दोघं जाणार आहोत. हॅमेलिन पाहण्यासारखं आहे का? (एक दांपत्य, ठाणे)

उत्तर : जरूर जा. हॅनोव्हरहून एस-बान या लोकल गाडीनं पाऊण तासात पोचाल. रविवार गाठला तर दुपारी बारा वाजता चौकात गावकरी या गोष्टीचं नाटक करतात. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते असतं. लग्नघर नावाच्या जुन्या दगडी इमारतीवर घड्याळाबरोबर बाहुल्यांची फेरी निघते, दुपारी एक वाजून पाच, साडेतीन वाजून पाच आणि साडेपाच वाजून पाच मिनिटांनी. रस्त्यावर उंदरांच्या खुणा बसवल्या आहेत, त्यांच्यामागे चालत राहिलं की मुख्य जागा होतात. बेकरीत कणकेचे कडक उंदीर दिसतील. ते आठवण म्हणून ठेवायचे असतात, खाऊ नका.

ओस्टरस्ट्रासेवर रॅटनफेंगरहाउस आहे. ते वादकाचं घर नाही. १६०२-०३ सालचं एका सधन माणसाचं घर आहे. पण त्याच्या बाजूच्या भिंतीवर १२८४ च्या घटनेचा लेख कोरलेला आहे, म्हणून त्याला ते नाव पडलं. लेख ज्या गल्लीकडे तोंड करून आहे ती बुंगेलोझनस्ट्रासे. बुंगे म्हणजे जुन्या बोलीत ढोल. बिनढोलाची गल्ली. मुलं याच वाटेनं गेली असं मानतात, म्हणून तिथे वाजवायचं नाही, नाचायचं नाही. ग्रिम बंधू लिहितात की नवरीची वरात वाजतगाजत चर्चला निघाली तरी ही गल्ली ओलांडेपर्यंत वाजंत्र्यांनी थांबायचं.

गल्ली अगदी छोटी आहे, दोन मिनिटांत संपते. मी गेले तेव्हा बरोबर माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिला गुणगुणायची सवय. कोपऱ्यावर वळताना ती भूपाळीचे सूर घोळवत होती. मी काही बोलले नाही, तिच्या दंडावर हात ठेवला. ती थांबली. दुसऱ्या टोकाला बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, “आता?” मी म्हटलं, “आता म्हण.”